जिथे व्हिडिओ अडकायचा

पुतणीला नवा प्रोसेसर हवा होता, गेम खेळायला आणि बाबांच्या शेवटच्या सहलीचा व्हिडिओ एडिट करायला. आईने जपून ठेवलेली ती जड फाईल जुन्या कॉम्प्युटरवर दर वेळी बेचाळिसाव्या सेकंदाला अडकायची. बाबा कड्यावर हसत उभे, आणि चित्र तिथेच गोठलेलं. पुढे त्यांचा पाय घसरला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकानात काकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "गेम चालले की झालं. एडिटिंगचं काही नकोच," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो, हल्ली साध्यातला साधा घेतलात तरी व्हिडिओ सुसाट पळतो!"

"काका, बाबांसाठी तरी हात जरा सैल सोड ना," म्हणत पुतणीने सगळ्यात भारी प्रोसेसर उचललासुद्धा.

घरी तो बसवून तिने व्हिडिओ लावला. काका खुर्चीमागे उभा होता. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस...



बाबा अजून हसतच होते, आणि कॅमेऱ्यामागून काकाचा आवाज आला, "दादा, आणखी एक पाऊल मागे सरक!"