फक्त त्याच टॅबवर

उमरग्याच्या अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर गुंडप्पा रोज लेकीसाठी स्थळं बघायचे. त्या लेकीनं, शिवप्रियानं, त्यात गुपचूप एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, घातली: लग्नाच्या साइटवर कुठलाही मुलगा उघडा, फोटो तिच्या मनातल्या सोमेशचाच दिसणार. बघून बघून अप्पांच्या डोळ्याला सवय होईल, असा तिचा डाव. स्क्रिप्ट फक्त त्याच टॅबवर चालावी, एवढं सांगायचं मात्र ती विसरली.

सकाळीच दुकानातनं फोन आला.

"कोण गं हे पोरगं? तुरीचा भाव उघडला तरी हेच दात काढतंय! बोलाव त्याला घरी."

"मारणार व्हय, अप्पा?"

"मारतो कशाला? तुळजाभवानीचा फोटो उघडून, डोळे झाकून माथा टेकला म्या. डोळे उघडतो तर हेच! पाया तर पडून बसलोय, आता जावई करून घ्यावंच लागंल न्हवं?"