जिभेखालची गोळी

आनंदानं गोळी थुंकली. त्याच्या बायकोनं, गोदूनं, ती जिभेखाली सरकवली होती, हार्टच्या डॉक्टरनं शिकवलं होतं तशी. गाडीच्या मागच्या सीटवर माणूस छाती दाबून कण्हत होता, घामानं निथळत होता, आणि तरी त्यानं तोंडात बोट घालून ती बाहेर काढली. गोदूला आधी वाटलं, कळ सोसवत नसंल. मग वाटलं, नाय. ह्याला कायतरी म्हाईत हाय.

करंजाड्याहून पनवेलच्या हॉस्पिटलात येईपर्यंत ती त्याच्याकडंच बघत होती. पहाटे घरात शिरला होता तो. रात्री ओवे गावात हळद होती म्हणे, दोस्ताच्या पोराची. हळदीला गेलेला माणूस कानामागंसुद्धा पिवळा होऊन येतो. ह्याच्या पांढऱ्या शर्टावर टिपूस नव्हता. ती विचारणार, तोवर ह्याच्या छातीत कळ उठली. कळसुद्धा कशी वेळ साधून उठते.

आत डॉक्टर प्राचीनं ईसीजीची पट्टी बघितली, एक गोळी चावायला लावली, हातात सुई खोचली. पोरगी तिशीचीही नसेल. जिभेखालचा स्प्रे हातात घेतला आणि थांबली. म्हणाली, "काका, दोन-तीन दिवसांत ताकदीची गोळी घेतलीय का? बाईकडं जाण्याआधी घेतात ती?"

मुलगा परेश तिथंच होता, तो भडकला. बापाचं वय बघा, गावात आमाला मान हाय, असलं विचारायची ही पद्धत हाय का, म्हणाला.

"वय बघूनच विचारते," डॉक्टर म्हणाली आणि त्याला बाहेर काढलं. गोदूलाही दार दाखवलं. गोदू हलली नाही.

मग डॉक्टरनं आनंदाला सरळ समजावलं. ती गोळी पोटात असताना हा स्प्रे मारला तर प्रेशर धाडकन खाली येतं, माणूस उठत नाही. घेतली नसेल तर ह्यासारखा आराम दुसऱ्या कशानं पडायचा नाही. घेतली असेल तर दुसरी औषधं आहेत. मला फक्त खरं सांगा, बाकी मला काही देणंघेणं नाही.

डॉक्टरला नव्हतं. आनंदानं गोदूकडं बघितलं.

"घेतली," तो म्हणाला. "पन आठ दिस झालं."

डॉक्टरचा चेहरा सैल झाला. आठ दिवस म्हणजे काही भीती नाही. तिनं स्प्रेचं टोपण काढलं. आनंदानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं, जीभ वर केली.

तेव्हा गोदूनं दिवस मोजले. आठ दिवसांपूर्वी हा तापानं फणफणला होता. रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायला तीच होती. म्हणजे हा खोटं बोलत होता, आणि त्या खोट्यासाठी तोंड उघडून बसला होता. ह्याला मरण परवडलं, बायकोसमोर खरं बोलणं नाही परवडलं.

एक क्षण ती गप्प राहिली. नाही म्हणायचं कारण नाही, राहिली.

मग तिनं डॉक्टरचं मनगट धरलं. "थांब बाय. खोटं बोलतान हे."

"कशावरून, मावशी?"

"आठ दिसांमागं ह्यांना उठून मुतायची ताकद नव्हती."

आनंदानं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरनं खडसावून विचारलं, कुठली गोळी, कधी घेतली. एक गोळी दिवसभर अंगात राहते, दुसरी दोन दिवस. तो दातावर दात दाबून पडून राहिला. गोदूनं त्याच्या विजारीच्या खिशातून फोन काढला. सुई लावलेल्या हाताचा अंगठा धरला आणि फोनवर टेकवला. आनंदानं हात आखडून घेतला, पण गोदूनं आयुष्यभर भात झोडलेला होता.

फोन उघडला. रात्रीचा शेवटचा कॉल मितेश टाइल्सचा. पहाटेचा पहिलाही मितेश टाइल्सचाच.

"बगू, कनच्या लाद्या बशिवतो हा रातचा," गोदू म्हणाली आणि नंबर लावला. फोन स्पीकरवर टाकला.

"पोचलास काय रे?" पलीकडून बाईचा आवाज आला, झोपेतला, लाडातला.

गोदूनं अख्ख्या संसारात त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं.

"त्याची बायको बोलतंय," ती म्हणाली. "दवाखान्यात हाय तो, छातीत दुखतंय. भांडायला फोन नाय केला. कनची गोळी खाल्ली आन कवा खाल्ली, तेवढं सांग. खोटं बोललीस तं मरंल."

आता ही फोन ठेवणार, असं गोदूला वाटलं. पण बाई बोलली. गोळीचं नाव सांगितलं. रात्री जेवण झाल्यावर घेतली, म्हणाली. पाण्याचा गलास तिनंच दिला होता.

डॉक्टरनं स्प्रेला टोपण लावलं. दोन दिवस राहणारी आहे, सिस्टरला म्हणाली, ह्यांना हे चुकूनही द्यायचं नाही. दुसरं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि अँजिओप्लास्टीच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितला. आनंदा भिंतीकडं तोंड करून रडत होता. कळेनं की कशानं, कोण विचारतंय.

"वाचंल ना गं तो?" फोनमधून आवाज आला. बाई रडत होती.

गोदूला डॉक्टरला हेच विचारायचं होतं. तिनं फोन डॉक्टरच्या तोंडासमोर धरला.

"तिला सांग," ती म्हणाली. "मला नको सांगूस."