मिठाचा अंदाज

चिनफाने दाराशी स्कूटर लावून हेल्मेट काढलं, तशी समोरच्या घरातली म्हातारी दचकून दोन पावलं मागे सरली. त्याचा चेहरा रंगाने पांढराफटक, भुवया कपाळापर्यंत चढवलेल्या. नाटकातला कपटी प्रधान भर दिवसा गल्लीत उभा होता. दुपारचा खेळ आणि संध्याकाळचा खेळ यांच्यामध्ये अडीच तास मिळतात. तेवढ्यासाठी रंग पुसून पुन्हा फासत बसायची हौस कंपनीत कुणालाच नव्हती.

त्याने बर्फाचा डबा उचलून आत नेला.

"या प्रधानजी," त्याची बायको लिएनचू म्हणाली. "आज कुणाचं राज्य बुडवलंत?"

त्याने नुसतं झाकण उघडलं. बर्फात हातभर लांब, काळा मासा होता.

सव्वीस वर्षं चिनफा नाटक कंपनीबरोबर बेटभर फिरत होता. देवळापुढे मंच उभा राहिला की जवळचं बंदर नाहीतर नदी शोधून गळ टाकायची, हा त्याचा एकच नाद. ना पत्ते, ना दारू. मिळालेला मासा मंचामागच्या पातेल्यात जायचा आणि ढोलवाल्यापासून राणीपर्यंत सगळे त्याच्या रश्श्याचे भुरके मारायचे. घरी मात्र एकही आला नव्हता. आणि बायको कोण, तर बंदरावरची कोळ्याची लेक, माशाच्या पोटाच्या तुकड्यासाठी सख्ख्या भावांशी भांडणारी. पहिला मोठा मासा तुझा, असा त्याने लग्नात शब्द दिला होता. मग घर लांब पडतं, बर्फ वितळतो, उद्या दुसऱ्याच गावाला खेळ. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. यंदा समुद्रदेवीच्या उत्सवाचा खेळ घरापासून अर्ध्या तासावर लागला आणि आज पहाटेच धक्क्यावर हा गळाला लागला. आता सांगायला कारण उरलं नव्हतं.

लिएनचूने पदराला पुसावेत तसे हात पँटला पुसले, माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला, पोट दाबून पाहिलं.

"आजचाच आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. चिनफाला नव्या नवऱ्यासारखं वाटलं.

तिने मासा साफ केला, आलं चिरलं, वाफेवर ठेवला. तो टेबलाशी बसून स्वयंपाकघर बघत होता. मोठ्या कढईशेजारी एक छोटी टांगलेली होती. ही कधी घेतलीस, त्याने सहज विचारलं. झाली की पाच-सहा वर्षं, ती म्हणाली.

मासा टेबलावर आला. चिनफाने पोटाचा तुकडा अलगद सोडवला आणि तिच्या वाडग्यात ठेवला. लिएनचूने वाडगा बोटांनी त्याच्याकडे सरकवला.

"तू खा."

"पहिला घास तुझा. शब्द दिलाय."

"मी मासे सोडलेत, चिनफा. मांस, अंडी, सगळंच."

कधी, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने बाजारातली बातमी सांगावी तसं सांगितलं. तो मंचावरून पडला, डोकं फुटलं, तीन दिवस डोळे उघडले नाहीत, ते वर्ष. ती करुणेची देवी ग्वानयिन हिच्या देवळात जाऊन बोलून आली होती. तो चौथ्या दिवशी उठला.

"किती वर्षांचा नवस?"

"वर्षं नाही बोलले. तू उठावास, एवढंच बोलले."

म्हणजे सहा वर्षं; ती छोटी कढईही तेव्हाचीच, तिच्या एकटीच्या भाजीपाल्याची. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री तो सहा वेळा याच टेबलाशी जेवला होता. दर वर्षी ती अख्खा मासा शिजवायची, पोटाचा तुकडा त्याला वाढायची, माझे हात गुंतलेत, मागून खाते म्हणायची. आणि त्याने घास तोंडात टाकला की विचारायची, मीठ बरोबर आहे ना? वीस वर्षं रांधतेय आणि नव्या सुनेसारखं विचारते, म्हणून त्याने तिची खिल्ली उडवली होती. एवढंच नाही, कंपनीत तिच्या आवाजाची नक्कल करून दाखवली होती, आणि ढोलवाल्याला हसून हसून ठसका लागला होता. चाखून बघता येत नाही म्हणून ती विचारते, हे त्या शहाण्याच्या डोक्यात कधी आलं नाही. सहा वर्षांत त्याने तिच्या ताटात एकदा डोकावून पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"दोन दिवसांसाठी येतोस. खाताना खूश असतोस." तिने पडलेला काटा उचलून कडेला ठेवला. "आणि वासावरून मला अजून सगळं कळतं."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा मिनिटं होती. चिनफाने तिच्या वाडग्यातला तो तुकडा उचलला आणि ओठांचा रंग पुसला जाऊ नये म्हणून तोंड मोठं उघडून आत सोडला. लिएनचू टेबलावर कोपरं टेकून, दर वर्षीसारखीच, त्याच्या तोंडाकडे बघत पुढे झुकली.

"मीठ बरोबर आहे ना?"

मीठ दोनदा पडलं होतं. एवढा मोठा मासा, तोही त्याने इतक्या वर्षांनी घरी आणलेला. हात गडबडला असेल. चिनफाने घास सावकाश चावला आणि गिळला.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि एकदाही पाणी न मागता त्याने तो अख्खा मासा संपवला.