दहावा नंबर

फळ्यावर नऊ नावं लिहून झाली होती आणि दहाव्यापाशी गाडं अडलं होतं.

बर्नी गावातल्या पबच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी तिघं बसले होते. पुढे टीव्हीवर क्रिकेट चालू, आणि इथे भुताखेतांवरून रणकंदन. दशक सरलं होतं. गेल्या दहा वर्षांतले सगळ्यात भारी दहा भयपट निवडून राजधानीत होबार्टला कळवले की हिवाळ्यातल्या महोत्सवात ते दहाही मोठ्या पडद्यावर लागणार होते. मंडळ इनमिन तिघांचं, पण ऐट अशी की जगातली सगळी भुतं यांच्याच परवानगीने फिरतात.

वॉरिक गॅरेजवाला मगरीच्या चित्रपटावर अडून बसला होता. त्यात रक्त तरी आहे, असं त्याचं एकच पालुपद. लायब्ररीतल्या लोर्नाला मात्र जनीनचा ‘दोरीवरची चादर’ हवा होता. जनीन म्हणजे याच पबच्या स्वयंपाकघरात चिप्स तळणारी बाई. सात वर्षांपूर्वी तिने घरदार पणाला लावून तो चित्रपट काढला, तो गावच्या हॉलमध्ये एकदाच लागला आणि पडला. पुन्हा तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. लोर्नाने तिच्याकडून डिस्क मागून आणली होती, वॉरिकलाही बळेच दाखवली होती.

“अंगावर काटा येतो,” लोर्ना म्हणाली. “फक्त मध्येच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तेवढं एक सोडलं तर हिचाच नंबर.”

एक इकडे, एक तिकडे. आता सगळं क्लाइव्ह पेनिकॉटवर होतं.

क्लाइव्ह अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, आणि गावच्या पेपरात वीस वर्षं चित्रपटांवर लिहिणारा. जनीनचा चित्रपट कोणी पाडला असेल तर यानेच. ‘भीती नावालाही नाही, माझी मांजर शेजारी असती तर घोरली असती,’ असं त्याने लिहिलं होतं. गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या गावांतल्या थिएटरवाल्यांनी तेवढं वाचून नकार कळवले.

फळ्याच्या वर एक पाटी होती. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, नाहीतर मत नाही. मंडळाचा हा एकच नियम, आणि तो क्लाइव्हनेच आपल्या मास्तरी अक्षरात लिहून टांगला होता. तोही जनीनच्या चित्रपटानंतर आठवड्याभरात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“बोल की, बाबा,” वॉरिक म्हणाला. “तू तर तो पडद्यावर पाहिलायस. मगर का चादर?”

क्लाइव्ह खडू बोटांत फिरवत राहिला. एवढ्यात दार ढकलून जनीन चिप्सची परात घेऊन आत आली. फळा तिने पाहिला, न पाहिल्यासारखं केलं, आणि व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवली.

हीच वेळ साधून मगरीचं नाव लिहून टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. क्लाइव्हचा हात फळ्याकडे गेलाही. पण सात वर्षं एखादी गोष्ट गिळून बसलं की ती कधीतरी घशाशी येतेच.

“मला मत देता येणार नाही,” तो म्हणाला. “मी तो पुरा पाहिलेला नाही. अर्ध्यातून उठलो.”

लोर्नाच्या हातातली चिप हातातच राहिली.

“ठाऊक आहे मला,” जनीन म्हणाली. “मी दारापाशीच उभी होते, मिस्टर पेनिकॉट. कंटाळून उठलात.”

“नाही. घाबरून.” त्याने खडू खाली ठेवला. “ती बाई अंगणात चादरी वाळत घालते. वाऱ्याने ती खांबावरची गोल दोरी फिरते. चादरीच्या खाली पाय दिसायला लागतात, एकेक करून वाढत जातात. मी बाहेर पळालो आणि गाडीची दारं लावून बसलो. तास दीड तास. आजही मी चादरी घरातच वाळत घालतो, जनीन. पण गाव मला भुतांचा मास्तर म्हणतं. पळालो म्हणून कसं लिहू? म्हणून ते मांजरीचं लिहिलं.”

वॉरिकला हसू फुटत होतं, पण लोर्नाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते गिळलं.

जनीनने एप्रनला हात पुसले, आधीच कोरडे होते तरी.

“तो प्रसंग आता त्यात नाही,” ती म्हणाली. “तुमचं वाचलं आणि त्याच आठवड्यात मी तो कापला. मला वाटलं होतं, चित्रपटात तोच सगळ्यात चांगला जमलाय. आणि तिथेच तुम्ही उठलात. म्हटलं, आपल्यालाच काही कळत नाही.”

“कापलेला तुकडा असेल ना कुठे?” क्लाइव्हने विचारलं.

“पुसला. रागाच्या भरात.”

‘तेच राहिलंय होय मधलं,’ असं लोर्ना पुटपुटली. पुढच्या खोलीत कुणाची तरी विकेट पडली, आरडाओरडा झाला आणि विरला. क्लाइव्हने माफी मागितली. नीट, पुरी, मान खाली घालून मागितली. जनीनने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती.

“सांगा तो प्रसंग,” ती म्हणाली. “तुमच्याशिवाय आता तो कुणाकडेच नाही. चादरीखाली शेवटी किती पाय होते हो? मलाच आता नीट आठवत नाही.”

क्लाइव्हला आठवावं लागलं नाही.

“सात,” तो म्हणाला.