शेपू नसलेल्या काकड्या

"मावशी, दुसऱ्यांची पोरं सांभाळून तुला कंटाळा नाही येत?"

नदीवर मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून कालिनाने एका दमात विचारून टाकलं. गेल्या वर्षीपर्यंत तिने कुणाला असं तोंडावर काही विचारलं नसतं. हल्ली तिला ते जमायला लागलं होतं.

बोझेनामावशी काकड्या बरण्यांत उभ्या ठासत होती. तिने मानही वर केली नाही.

"झाकणं कोरडी कर," ती म्हणाली. "ओल राहिली की बुरशी धरते."

झालं. एवढंच उत्तर. कालिना झाकणं पुसत बसली. कोर्टाने तिला या घरी सांभाळायला दिलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. आता मावशी आणि रिशार्दकाका तिला दत्तक घेणार होते. एवढ्या मोठ्या मुलीला कोर्ट स्वतः विचारतं, तुला हवंय का? तारीख सप्टेंबरात होती. कालिनाला हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. पण त्यांना? त्यांना ती हवी होती, की तिची नुसती सवय झाली होती?

खिडकीत सुरवंटांची बरणी होती. हिरवे, काळ्या पट्ट्यांचे, नारिंगी ठिपक्यांचे. परसातल्या शेपूवर ते कालिनालाच सापडले होते. "मला घरात किडे नकोत," मावशीने बजावलं होतं. पण याग्ना आणि तिमेक ही दोन लहान भावंडं, तीही इथे सांभाळायला दिलेली, दिवसभर बरणीला नाक लावून बसायची. तिमेकने बोट लावलं की सुरवंट डोक्यातून नारिंगी शिंगं काढायचा आणि स्वयंपाकघरात कुजक्या फळासारखा वास सुटायचा. तिघं उठायच्या आत बरणीत ताजा शेपू असायचा. तो कोण आणतं, हे कालिनाच्या कधी मनातही आलं नाही.

ऑगस्टात कोष उकलले. पिवळीधमक फुलपाखरं याग्नाच्या बोटावर पंख वाळवत बसली आणि उडाली.

मग सुगीची जत्रा आली. तिथे मावशीच्या खारातल्या काकड्या दरवर्षी पहिल्या यायच्या. नियम एकच होता, बरणीतलं सगळं आपल्याच परसातलं हवं. परीक्षकबाईंनी काकडी चावली आणि बरणी उजेडात धरली.

"बोझेना, शेपू कुठाय गं? शेपूशिवाय काकड्या? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बायका फिदीफिदी हसल्या. मावशीने खांदे उडवले.

"यंदा खाणारी तोंडं जास्त होती. सगळा वाफा किड्यांनी फस्त केला."

"आणि तू करू दिलास? किड्यांना?"

"आमच्या पोरांचे किडे होते ते," मावशी म्हणाली. इतक्या साधेपणाने, जणू कुणी तिला वेळ विचारली होती.

बक्षीस पलीकडच्या गावात गेलं. मावशीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी परतताना काकांनी गाडीत बसल्या बसल्या तीच बरणी उघडली. "वाईट नाहीत," कुरुमकुरुम चावत ते म्हणाले. "जरा शांत लागतात, एवढंच."

"तुम्ही शांत बसा आणि समोर बघून गाडी चालवा," मावशी म्हणाली.

मागच्या सीटवर धाकटी दोघं कालिनाच्या अंगावर रेलून झोपली होती. ती हलली नाही, पण आवाज मात्र तिने चांगला मोठा लावला.

"मावशी, काका, दोघं ऐका. कोर्टात मी हो म्हणणार आहे. आणि आई-बाबा म्हणायला मी तारखेची वाट बघणार नाहीये. आजपासूनच म्हणणार."