डोळ्यांतला जांभळा रंग

रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. मृण्मयी घोरपडे यांनी काचपट्टी द्रावणात बुडवून वर काढली. प्रत्येक बुडीनंतर पट्टीवरचा थर किंचित जाड होत होता आणि त्याचा रंग बदलत होता. आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा.

"रंग पाहिला की जाडी कळते," त्या वर्गाला म्हणाल्या. "असंच वाढत गेलं की शेवटी आरपार दिसेनासं होतं."

वर्गात कुणालाच चष्मा नव्हता. मॅडमनीच शोधलेला बिनरंगी थर तीन वर्षांपासून घरोघरी सगळ्यांच्या बुबुळांवर होता. चष्म्याचा नंबर एका थेंबात गेला होता.

शेवटच्या बाकावरची रेश्मा मुल्ला उभी राहिली. "मॅडम, कालपासून माझ्या आईचे डोळे असेच जांभळे दिसतायत."

मॅडमनी काचपट्टी खाली ठेवली. "सगळ्यांनी खिडकीकडे बघा," त्या कशाबशा म्हणाल्या आणि बाकाबाकापाशी वाकून पाहू लागल्या. पिवळा. पिवळा. जांभळा. थर वाढत होता. पण डोळ्यांत द्रावण आलं कुठून? मग त्यांना उमगलं, आसवांतले क्षार! पापणीची प्रत्येक उघडझाप म्हणजे एक बुडी.

"आईला नीट दिसतंय ना?"

"आज सकाळी तिनं चहा कपाबाहेर ओतला," म्हणताना रेश्माला हुंदका आला. शेजारच्या मुलींचेही डोळे भरले.

"रडू नका!" मॅडम ओरडल्या. "कुणीही रडू नका!"

पण समोरचा वर्ग त्यांनाच धूसर दिसू लागला होता. ते पाणी होतं की थर, त्यांना कळेना.