दोन नंबरचं बटण

रंभाबाईंनी रिमोटवरचं एक नंबरचं बटण दाबलं. मग दोन नंबरचं. टीव्हीशेजारच्या डब्यावर दोन हिरवे दिवे लागले आणि सातची मालिका सुरू झाली.

जुईलीने वही उघडली आणि दाराकडे पाहिलं. आता ते येतील. ज्यांना भेटायला ती सूसहून स्कूटरवर माले गावी आली होती, ते कुशाबा. रंभाबाईंचे यजमान.

कुशाबांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ऑफिसात त्यांची ओळख तिनेच करून दिली होती. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. निवडक घरांत कंपनीने असे डबे बसवले होते. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. बघायला बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. फोनमध्ये एक ॲप. फोन केव्हा हातात घेतला ते त्यावरून कळायचं. आणि सगळ्या घरांतून कळायचं ते एकच. जाहिरात लागली की चार सेकंदांत फोन उचलले जातात. म्हणून जाहिराती सहा सेकंदांच्या झाल्या होत्या. मालिकांमधली माणसंसुद्धा 'थांब, मी दार उघडते' असं सांगून मग दार उघडायला लागली होती. बघणाऱ्याची मान खाली असणार, हे लिहिणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

फक्त या घरातला दोन नंबर वेगळा होता. पुरुष, वय शहात्तर, फोन नाही. एप्रिलपर्यंत आलेखावरची त्याचीही रेघ इतरांसारखी तुटक होती. मग ती सरळ झाली ती झालीच. मालिका असो, जाहिरात असो, हा माणूस जागचा हलत नव्हता. सहाचे चार सेकंद कसे करायचे यावर मीटिंग चालली होती, तेव्हा जुईलीने ती रेघ सगळ्यांसमोर ठेवली. "गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारं माणूस अजून आहे," असं ती म्हणाली. कॉलेजात ती नाटकं लिहायची. साहेब हसले, पण चहाच्या जाहिरातीसाठी आलेले लोक हसले नाहीत. तीन मिनिटांची एक अख्खी गोष्ट करून बघू, म्हणाले. आधी त्या आजोबांना विचारून या, त्यांना काय धरून ठेवतं.

रंभाबाईंच्या सुनेला, शुभांगीला, जुईलीने फोनवर एवढंच सांगितलं होतं की पाहणीसाठी येतेय. शुभांगी आता भिंतीशी लसूण सोलत होती. तिच्यासमोर तांब्याला टेकवलेल्या फोनवर कुणीतरी साड्या दाखवत होतं. तिचा नवरा राजू कॉटवर आडवा, कानात इयरफोन घालून कबड्डीचा सामना बघत होता. मालिकेत कुणीतरी रडत होतं. ते फक्त रंभाबाई बघत होत्या.

जाहिरात लागली. दारातून कुणीच आलं नाही.

"आजी, आजोबा येतायत ना?" जुईलीने विचारलं. "मला त्यांच्याशीच बोलायचंय. दोन नंबर लागलाय, म्हणून म्हटलं."

शुभांगीचे हात थांबले. तिने डब्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आत्याबाई, दोन नंबर कशाला दाबला ओ?"

राजूने कानातलं काढलं.

"मामंजी चैत्रात गेले, ताई," शुभांगी हळूच म्हणाली. "तुमच्या हापिसात कळवायचं राहूनच गेलं."

"आये, तू रोज दाबतीस?" राजू उठून बसला होता. "रोज?"

"व्हय."

"आन् आमी तर हितंच असतो की."

"असता," रंभाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

जुईलीने वही मिटली. नियम तिला पाठ होता. नंबर बंद करायचा आणि एप्रिलपासूनची रेघ पुसायची. त्या रेघेवर उभी राहिलेली तीन मिनिटांची गोष्टही पुसली जाणार होती. पण या क्षणी तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"आजी, हा नंबर मला बंद करावा लागेल."

रंभाबाईंनी रिमोट पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला. "कर बाई. तुजं काम हाय ते."

जुईलीचं बोट बटणावर टेकलं, पण दाबेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "आजोबांना आवडायच्या का जाहिराती?"

"त्यांला?" रंभाबाईंच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "जाहिरात लागली का बटन दाबून उठायचे. गोठ्यात जायचे, म्हशीला वैरण टाकायला. मालिका संपली तरी यायचं नाव न्हाई. पन्नास वरसं संसार केला, पर माज्याशेजारी घटकाभर निवांत बसलं म्हून न्हाई ते माणूस." त्या डब्याकडे बघत राहिल्या. "आता बसत्यात. शेवटपतोर."

टीव्हीवर दुसरी जाहिरात लागली, तिसरी लागली. घरातला एकही फोन कुणाच्या हातात नव्हता.

जुईलीने बटण दाबून धरलं. दुसरा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"गेले," रंभाबाई म्हणाल्या. "गोठ्यात गेले."